हप्ते मालकाने थकवले, नोटीस आमच्या दारावर

पत्र थोडक्यात असं : भांडुपला राहणारी ३६ वर्षांची एक वाचक. नवरा कुरियरच्या ऑफिसात, ती स्वतः एका शाळेच्या लायब्ररीत, घरात सासूबाई आणि दोन मुलं, मोठी मुलगी सातवीत. चार वर्षं एकाच वन बीएचकेमध्ये राहतायत, दरवेळी अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेलं. या ऑगस्टला रिन्यू करताना मालक म्हणाले की १ लाखाचं डिपॉझिट ३ लाख करा, मी भाडं २२ हजारांवरून १६ हजारांवर आणतो. सासूबाईंची एफडी मोडून वरचे २ लाख दिले. १८ नोव्हेंबरला ती शाळेतून घरी आली तर दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली. मालक, ज्यांना ती काका म्हणते, ते म्हणतात सेटलमेंट चाललंय, काही होत नाही, फक्त एका जुन्या तारखेच्या कागदावर सही करून द्या. नवरा म्हणतो आपलं ॲग्रीमेंट जूनपर्यंत आहे, तोवर कोणी हात लावू शकत नाही. दीर म्हणतो कब्जा सोडायचाच नाही. आणि ती लिहिते, "ताई, लिफ्टचं दार वाजलं तरी दचकते. मजल्यावरच्या बायका बोलायच्या थांबतात मी आले की. राहू की निघू? मला तू म्हणा, मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

अगं, आधी एक काम कर. तू नोटिशीचा फोटो पाठवलायस तो परत उघड आणि शांतपणे वाच, कारण तुझ्या पत्रात त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आलेलीच नाही. वर कर्जदार म्हणून मालकाचं आणि त्यांच्या बायकोचं नाव आहे, तुमचं कुठेच नाही. त्याच्या खाली लिहिलंय की सरफेसीच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण ठेवलेलं घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची मागणी नोटीस २० मे रोजी दिली होती, ६० दिवसांत पैसे भरले नाहीत, म्हणून आता ताबा घेतला. २० मे. आणि तुझं ॲग्रीमेंट १ ऑगस्टचं. म्हणजे ज्या दिवशी काकांनी तुमच्याकडून आणखी २ लाख घेतले त्या दिवशी बँकेची मुदत संपून गेली होती. आता तूच लिहिलंयस की जूनमध्ये त्यांच्या नावाचे बँकेचे दोन लिफाफे तुमच्या पत्त्यावर आले होते, तू ते न फोडता फ्रिजवर ठेवलेस आणि काका आले तेव्हा पाण्याबरोबर त्यांच्या हातात दिलेस. त्यात नेमकं काय होतं ते आपल्याला सांगता येणार नाही, पण ते कोणत्या महिन्यात आले ते तारखेसकट एका कागदावर लिहून ठेव.

मला माहितीये हे वाचून तुला वाईट वाटेल, कारण चार वर्षं ते दिवाळीला मुलांना फराळाचा डबा आणून देतात. तो डबाही खराच आहे ना. माणूस कर्जात बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, त्या वेळी हाताला तुमची एफडी आली. त्यांच्याबद्दल वाईट बोलायची सक्ती नाहीये तुझ्यावर. पण पैसे मागताना जे "कसं मागू" तुझ्या पत्रात चार वेळा आलंय ना, त्याला काही कारण उरलेलं नाही, एवढंच सांगायचंय.

आता नवऱ्याचं म्हणणं. रजिस्टर ॲग्रीमेंट असणं फार चांगलं, पण ते मालकाच्या आणि तुमच्यामधलं आहे. आपल्याकडे सगळे भाडेकरू म्हणतात खरं, पण लीव्ह अँड लायसन्स हा कायद्याच्या नजरेत भाडेकरार नव्हे, ती नुसती राहायची परवानगी असते, आणि ही परवानगी देणाऱ्याचाच घरावरचा हक्क गेला की ती पण गेली, हे १८८२ च्या ईझमेंट कायद्यातच आहे. त्यात बँकेचं तारण आधीचं. ज्या कायद्याखाली नोटीस आलीये, म्हणजे २००२ चा सरफेसी, त्यात असंही आहे की १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराने ते घर विकायचं नाही, लीजवर द्यायचं नाही की आणखी कुठल्या रीतीने दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. तेव्हा जूनपर्यंत कोणी हात लावणार नाही हे गृहीत धरून मुलांचं वर्ष त्यावर टांगून ठेवू नका.

आणि दिराने पाठवलेला तो मेसेज, "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय भाडेकरूला बँक काढू शकत नाही". तो खोटा नाहीये. २०१६ चा निकाल आहे तो, मुंबईच्याच प्रकरणातला. पण तो भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी आहे. गिरगाव, लालबाग, दादरला पागडीच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं, भाडेपावत्या असलेली, त्यांच्या मालकाने सगळी बिल्डिंग गहाण ठेवली म्हणून त्यांना रस्त्यावर काढता येत नाही. (असे कोणी हे वाचत असाल तर तुमचं प्रकरण या ताईपेक्षा खूप मजबूत आहे, जुन्या पावत्या आणि लाइटबिलं आजच शोधून ठेवा.) त्यानंतर २०१९ मध्ये कोर्टाने हेही सांगितलं की नुसतं तोंडी "आम्ही जुने भाडेकरू" म्हणून भागत नाही, कागद लागतो.

म्हणूनच त्या जुन्या तारखेच्या कागदावर सही करू नकोस. अजिबात नको. काकांना काय हवंय ते बघ : कर्जाच्या आधीपासून तुम्ही भाडेकरू आहात असं दाखवायचं आणि बँकेचं काम लांबवायचं. कर्ज थकलं की असे भाडेकरू उभे केले जातात हे बँकेच्या वकिलांना आणि कोर्टाला पुरतं ठाऊक असतं, ते पहिल्यांदा स्टॅम्प पेपरची तारीखच तपासतात. आज तू या सगळ्यात फसवली गेलेली बाजू आहेस, ती सही केलीस की खोटा कागद बनवणारी बाजू होशील, आणि मग ३ लाखांसाठी कुठल्याही दारात गेलीस तरी तो कागद तुझ्या आधी तिथे पोचलेला असेल. काकांना फोनवर समजावत बसू नकोस, "आम्ही खरं तेवढंच लिहून देऊ" एवढाच मेसेज टाक.

आता इतकं सगळं वाचून तू उद्याच सामान बांधायला घेशील, तर तेही नको. तुझ्याकडे घरावरचा हक्क थोडा आहे पण वेळ बराच आहे, आणि तुझं खरं काम तो वेळ नीट वापरायचं आहे.

दारावर कागद चिकटवून जो ताबा घेतात तो कागदोपत्री ताबा, सिम्बॉलिक म्हणतात तो. ही नोटीस दोन पेपरमध्ये पण छापावी लागते, एक स्थानिक भाषेतला, म्हणून तुमच्या वॉचमनला तुमच्या आधी कळलं. प्रत्यक्ष कुलूप लावायचं असेल आणि आत माणसं राहत असतील तर बँकेला कलम १४ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्या ऑर्डरसाठी ३० दिवस दिलेत, कारण लिहून ते ६० पर्यंत वाढवता येतात, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त लागतात. मग कोर्ट कमिशनर नेमतात, तो तारीख कळवतो आणि पोलीस घेऊन येतो. बँकेची माणसं किंवा वसुलीवाले म्हणून कोणी ऑर्डरशिवाय आले आणि "आत्ता बाहेर व्हा" म्हणाले तर साखळी लावूनच बोल, ऑर्डरची प्रत माग, ओळखपत्राचा फोटो काढ, गरज पडली तर ११२ ला फोन कर. ऑर्डर असेल तर मात्र अडवायचं नाही.

मी असा ताबा घेताना जवळून बघितलाय, आमच्याच मागच्या बिल्डिंगमध्ये. सकाळी साडेदहाला कमिशनर बाई, दोन कॉन्स्टेबल, बँकेचा ऑफिसर आणि एक किल्लीवाला. आत भाड्याने राहणारं जोडपं होतं, त्यांनाही मालकाने शेवटपर्यंत काही होत नाही असंच सांगितलेलं. मग यादी सुरू झाली, कपाट एक, गॅस शेगडी एक, स्टीलचे मोठे डबे सहा. फ्रिज उघडला तर इडलीचं पीठ फुगून वर आलेलं, ती बाई ते पातेलं हातात घेऊन जिन्यात उभी, कुठे ठेवायचं तेच तिला कळेना. कमिशनर बाई वाईट नव्हत्या, म्हणाल्या आधी देव काढून घ्या, मग बाकीचं बघू. पण त्या दिवशी दुपारपर्यंत तीस वस्तूंची यादी, एक टेम्पो आणि कुठे जायचं ते ठरलेलं नाही. मला तुझ्यासाठी तो दिवस टाळायचाय, बाकी काही नाही.

तर सोमवारी बँकेत जा. नोटिशीच्या खाली ऑथोराइज्ड ऑफिसरचं नाव आणि ब्रांच असते, त्यालाच भेट. रिकाम्या हाताने नको, एक पानाचं पत्र मराठीत लिहिलंस तरी चालेल : आम्ही कर्जदार नाही, अमुक तारखेपासून लीव्ह अँड लायसन्सवर राहतो, ॲग्रीमेंटची कॉपी जोडलीये, घरात ज्येष्ठ नागरिक आणि दोन शाळकरी मुलं आहेत, आम्हाला तुमच्या कारवाईत अडथळा आणायचा नाही, वार्षिक परीक्षा होईपर्यंत म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत मुदत द्या, आम्ही शांतपणे घर रिकामं करू. आणि ३ लाख डिपॉझिट मालकाकडे अडकलंय हेही त्यात लिही. तुला वाटतं बँक कशाला ऐकेल, पण त्यांच्या बाजूने विचार कर ना, आत माणसं असलेलं घर लिलावात कमी किमतीला जातं, पोलीस, कमिशनर, तारखा या सगळ्याचा खर्च त्यांचाच. तुम्ही आपणहून तारीख देताय ही त्यांच्या कामाची गोष्ट आहे. ते नाहीही म्हणू शकतात, पण कलम १४ चा अर्ज केलाय की नाही हे तरी त्या खुर्चीसमोर बसून विचार. त्यांनी काही लिहून द्यायला सांगितलं तर कागद घरी आण, रात्री दोघांनी वाचा, मगच सही.

भाड्याचं आता. डिसेंबरचं भाडं काकांना ट्रान्सफर करायच्या आधी त्यांना व्हॉट्सॲप, ईमेल आणि स्पीड पोस्ट तिन्हीने कळवा की बँकेच्या नोटिशीमुळे तुम्ही घर ॲग्रीमेंटप्रमाणे आमच्या ताब्यात ठेवू शकाल याची खात्री उरलेली नाही, म्हणून या महिन्यापासून भाडं डिपॉझिटमधून वळतं करत आहोत. एप्रिलपर्यंत पाच महिने, १६ हजारांनी ८० हजार झाले, मग तुमचे अडकलेले राहिले २ लाख २० हजार. काका चिडतील, ॲग्रीमेंटमध्ये असं चालत नाही म्हणतील, कागदोपत्री त्यांचं बरोबरही असेल, पण बुडत्या माणसाकडे दर महिन्याला आणखी १६ हजार टाकत राहणं हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. एकच अपवाद : बँकेने लेखी कळवलं की भाडं यापुढे आमच्याकडे भरा, तर मग वकिलाला विचारून बँकेला भर आणि पावती घे, कायद्याने बँक तशी मागणी करू शकते. लाइटबिल आणि तुमच्या वाट्याचं जे असेल ते मात्र वेळेवर भरत राहा, कोणाला बोट ठेवायला जागा नको.

उरलेल्या पैशांचं खरं खरं सांगते. बँक तुमचं डिपॉझिट देणं लागत नाही, लिलावात घर घेणारा पण नाही, ते फक्त मालकाकडूनच येऊ शकतं. लिलावात कर्ज, व्याज, खर्च फिटून काही उरलं तर ते मालकाला मिळतं, म्हणून बँकेच्या पत्रात डिपॉझिटचा उल्लेख करायला सांगितला, आणि म्हणूनच वकिलाची नोटीस आत्ता जायला हवी, घर विकलं गेल्यावर नाही. २० मे आणि १ ऑगस्ट या दोन तारखा शेजारी ठेवल्या तर हे फसवणुकीचं प्रकरण दिसतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसात तक्रार देता येते. पोलीस स्टेशनला "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" असं ऐकवतील, ऐकवतातच, तेव्हा तोंडी बोलून परत येऊ नका, लेखी तक्रार द्या. पण ही तक्रार काकांना घाबरवायला फोनवर वापरायची नाही. द्यायची तर द्यायची. त्याआधी त्यांना लेखी हप्ते मागून बघ, महिन्याला २५ हजार असे का होईना, सहीचं कबुलीपत्र आणि पुढच्या तारखांचे चेक मिळाले तर तेही कमी नाही.

वकिलाचा खर्च म्हणून थांबली असशील तर थांबू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत बायकांना उत्पन्न न बघता मिळते, १९८७ चा कायदा आहे त्याचा, हेल्पलाइन १५१००. तक्रार आणि नोटीस तुझ्या नावाने जाऊ दे. त्याच वकिलाला डीआरटीचं विचार, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. घरात राहणाऱ्यालाही तिथे ४५ दिवसांत दाद मागता येते, तुझी मुदत २ जानेवारीच्या आसपास भरते. दिवाणी कोर्टात बँकेच्या कारवाईला स्टे मागायला जाता येत नाही, कायद्याने ते दार बंद आहे, तेव्हा "स्टे आणून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. माझं मत विचारशील तर तुझ्यासारख्या ॲग्रीमेंटवर डीआरटीत जाऊन घर टिकणार नाही, पण मुदत संपायच्या आत जाणकाराने कागद बघितलेले बरे.

दिराचं "कब्जा सोडू नका" हे प्रेमापोटी आहे, मला कळतं. पण घर धरून बसलात तरी ३ लाख काही भिंतीतून निघणार नाहीत. उलट ॲग्रीमेंट संपल्यावर बसून राहिलं तर भाडे कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे. त्याला दुसरं काम दे, जागा शोधायचं. जानेवारीपासून बघायला लागा, मुलीची शाळा धरून, आणि या वेळी टोकन द्यायच्या आधी थोडी चौकशी. घरावर लोन असणं वाईट नाही, मुंबईत निम्म्या ओळखीच्यांच्या घरावर असतं. लोन असेल तर मालकाकडे बँकेची घर भाड्याने द्यायची एनओसी आणि गेल्या सहा महिन्यांचं लोनचं स्टेटमेंट मागा. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, मेंटेनन्स थकलाय का, बँकेचं काही पत्र आलंय का. सरसायच्या (CERSAI, म्हणजे तारणांची केंद्रीय नोंदणी) साइटवर किरकोळ फी भरून कोणालाही बघता येतं की त्या मालमत्तेवर कोणाचं तारण नोंदलंय. आणि भाडं कमी करतो पण डिपॉझिट वाढवा असं मालक अचानक म्हणाला की तिथेच थांबा. सगळेच हेवी डिपॉझिटवाले तसे नसतात, काहींना खरंच मुलीच्या लग्नाला पैसे हवे असतात, पण एकरकमी १०-१५ लाख देऊन बिनभाड्याचं राहणाऱ्यांना मी कळवळून सांगते, ते तुमच्याकडून घेतलेलं बिनतारणी कर्ज आहे. घर त्याचं, गहाण बँकेकडे, आणि तुमच्या हातात फक्त ॲग्रीमेंट. रोखीत दिले असतील आणि ॲग्रीमेंटवर आकडा कमी असेल तर तेही नाही.

राहिली मजल्यावरची गोष्ट. तुला लाज वाटतेय ती दुसऱ्याच्या थकलेल्या हप्त्यांची. सेक्रेटरीला भेटून स्पष्ट सांग की कर्ज मालकाचं आहे, आम्ही बँकेशी बोलतोय, घर सोडताना कळवू. शेजारच्या एका बाईला सांगितलंस तरी पुरे, बाकीचं काम ती करेल. नोटीस फाडू नकोस. आणि सातवीतल्या मुलीला सांग. तिने ती नोटीस वाचलेली आहे, मराठी पेपरातली पण वाचली असेल, बारा वर्षांच्या पोरीला काय कळत नाही. ती विचारत नाहीये कारण तू घाबरलेली दिसतेस. तिला एप्रिलपर्यंतचा प्लॅन सांग आणि नवीन घर बघायला एकदा बरोबर ने.

निघायच्या दिवशी किल्ली कोणाला द्यायची हे आत्ताच ठरवू नका. काका म्हणतील मला द्या, बँक म्हणेल आम्हाला. बँकेला आधी लेखी विचारा, रिकाम्या घराचा मीटर रीडिंगसकट व्हिडिओ काढा, आणि ज्याला द्याल त्याची सही घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका. सोमवारच्या पत्राचंही तसंच. दोन प्रती ने, एक त्यांना, दुसरीवर तारखेचा शिक्का. काउंटरवरचा मुलगा म्हणेल "ठेवून जा, साहेब बघतील", तर तिथेच बाकड्यावर बस आणि शिक्का मिळाल्यावरच ऊठ.